आठवी ओळ

९ जानेवारी

मामा,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून आधी दचकशील, मग उजेडात धरून बघशील, मग उघडशील. दचकू नकोस, मी धडधाकट आहे. पत्र मुद्दाम तुझ्या बाइंडिंगच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकलंय. घरच्या पत्त्यावर टाकलं असतं तर आईनं आधी उघडलं असतं. आणि फोन करावा तर तू इतक्या मोठ्यानं बोलतोस की वरच्या मजल्यावर तिला दोन्ही बाजूंचं ऐकू जातं.

विषय तिचाच आहे. नऊ वर्षांपूर्वी, इकडे परदेशात यायच्या आधी, मी तिला एक प्रोग्रॅम करून दिला होता. आठवतो? एक काळी खिडकी उघडते. तीत 'शोध' असं लिहायचं, पुढे हवा तो शब्द, आणि एंटर. तिनं जमवलेल्या चार हजार शोधनिबंधांत तो शब्द कुठल्या पानावर आहे ते ओळीनं दिसतं. चित्र नाही, रंग नाही, माऊस नाही. तू तेव्हा म्हणाला होतास, "याला तोंडच नाही रे, नुसताच घसा आहे."

तो प्रोग्रॅम रोज मला दोन आकडे पाठवतो. दिवसभरात किती वेळा शोधलं आणि त्यात किती वेळा काहीच सापडलं नाही. शब्द कोणते, ते येत नाही, फक्त आकडे. आईला हे सांगायचं राहून गेलं. पहिली काही वर्षं शंभरातले पाच-सात शोध वाया जायचे. गेल्या वर्षी साठ. डिसेंबरात नव्वद. म्हणजे आई असं काहीतरी शोधतेय जे त्या कागदांत नाहीच. मामा, चाळीस वर्षं वाळवीवर वाचणारी बाई आहे ती. कुठल्या निबंधात काय, कितव्या पानावर, हे तिला पाठ असायचं. माझा प्रोग्रॅम तिला खरं तर नकोच होता, माझी हौस म्हणून तिनं ठेवून घेतला.

फोनवर विचारलं तर म्हणते, "छान चाललंय."

तू तिच्या पायाखालीच असतोस आणि तुझ्या कानांची ख्याती सगळ्या घराला आहे. जरा लक्ष ठेव. तिला कळू देऊ नकोस.

तुझा,
किडोबा


२१ जानेवारी

किडोबा,

आशीर्वाद. कागदाच्या कोपऱ्यावर बोट उमटलंय ती खळ आहे, तीच माझी सही समज.

मला हेर नेमलंस ते बरं केलंस. नाहीतरी बिनहुद्द्याचा हेर मी आहेच. तुला ठाऊक आहे, तुझ्या आईचं टेबल बरोबर माझ्या कातरयंत्राच्या डोक्यावर येतं, मध्ये फक्त फळ्या. पूर्वी यंत्र दिवसभर चालायचं तेव्हा वर हत्ती नाचला असता तरी कळलं नसतं. आता महिन्यात चार गिऱ्हाइकं. त्यातलं एक नुसतं गप्पा मारायला येतं. पुठ्ठा कापणं दहा मिनिटांचं, उरलेला दिवस ऐकण्याचा.

आणि ऐकणं मला येतं. सातवीत शाळा सुटली, वीस वर्षं परक्याच्या दुकानात खळ शिजवली. तो मालक तोंड उघडायचा नाही. पातं बोथट झालंय की नाही, मालकाचं काही बिनसलंय की नाही, सगळं आवाजावरून ओळखावं लागायचं. तीच विद्या पुढे स्वतःच्या दुकानात कामाला आली. त्यामुळे लिहितोय ते ऐकीव असलं तरी पक्कं धर.

दुपारी दोनला ती खुर्ची ओढते. पूर्वी कसं असायचं? फडफड फडफड टाईप करायची, एक मोठं बटण धपकन, आणि मग अर्धा तास चिडीचूप. वाचत बसायची. मध्येच "मूर्ख आहे हा" असं ऐकू यायचं, म्हणजे कुणाचा तरी निबंध आवडला नसणार.

आताचा प्रकार वेगळा. आधी दोन बटणं एकदम दाबते. मग सावकाश, एकेक अक्षर, दोन-तीन शब्द. धपकन. आणि लगेच हसते. नाकातल्या नाकात, हं, असं. आणि मग, बाबा रे, बोलते.

काल स्पष्ट ऐकलं, "घातलाय रे, घातलाय." परवा, "प्यायले ना पाणी!" आणि मागच्या आठवड्यात एकदा चांगलं ठसक्यात, "स्वयंपाकघरात कशाला असेल?"

मला वाटलं फोनवर असेल. जिन्यात जाऊन उभा राहिलो तर फोन खाली स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर चार्जिंगला. वर ती एकटी. दार अर्धं उघडं होतं, पाठ दिसत होती. काळी खिडकी उघडी होती आणि तुझी आई तिच्याकडे बघून मान हलवत होती.

बाकी तब्येत चांगली आहे. जेवते, चालायला जाते, मला शुद्धलेखनावरून बोलते. पण आमची आई शेवटच्या वर्षी अशीच भिंतीशी बोलायची. हे मला लिहायचं नव्हतं. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

खळमामा


३ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि दोनदा वाचलं. तू सहज लिहिलेल्या एका गोष्टीनं मला सगळ्यात जास्त घाबरवलं. दोन बटणं एकदम दाबते ना, ती भाषा बदलायची बटणं आहेत. म्हणजे ती आपल्या भाषेत टाईप करतेय. मामा, तिचे सगळे निबंध इंग्रजीत आहेत. त्यांत आपल्या भाषेतला शब्द सापडणार कसा? हे ती विसरली आहे. आणि सापडत नाही म्हणून स्वतःशीच बोलून वेळ मारून नेतेय.

म्हणून मी माझ्या परीनं इलाज केलाय. चार रात्री ऑफिस सांभाळून बसलो आणि प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. आता तिनं कुठल्याही भाषेत काहीही लिहू दे, तो अर्थ ओळखतो आणि त्या अर्थाचे निबंध काढून देतो. नेमकं जुळलं नाही तर जवळपासचं देतो. रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, हे धोरण. म्हणजे शब्द चुकला, विसरला, तरी तिला स्वतःचं कमीपण जाणवणार नाही. हा बदल इथूनच तिच्या कॉम्प्युटरवर चढवला. तिला फोनवर एवढंच म्हटलं की जरा दुरुस्ती केलीय. म्हणाली, "कशाला रे, चांगलं चाललं होतं की."

कालचा आकडा सांगतो. शोध एकेचाळीस, न सापडलेले शून्य! माझ्या खुर्चीत मी एकटाच टाळी वाजवली.

एकटाच, कारण ऑफिसात माझ्या रांगेत सहा टेबलं आहेत आणि पाच रिकामी असतात. सगळे घरून काम करतात. मी जातो. तिथल्या कॉफीच्या मशीनमधून कप उचलला की ते "धन्यवाद, पुन्हा या" म्हणतं. हसू नकोस.

डॉक्टरचा विषय तू काढू नकोस, मी आल्यावर बघू. यंदा मात्र यायचं जमेलसं दिसत नाही. मागच्या वर्षीही हेच लिहिलं होतं, मला माहीत आहे.

तुझा,
किडोबा


१९ फेब्रुवारी

किडोबा,

आशीर्वाद तर आहेतच, पण या खेपेला कान पकडूनही द्यावेत असं वाटतंय. नक्की कुणाचा पकडावा ते अजून कळत नाही, म्हणून आधी काय झालं ते सांगतो.

तुझी दुरुस्ती आल्यावर पहिले दोन दिवस वरून खूप बटणं वाजली. दोन एकदम, मग सावकाश शब्द, मग धपकन. पण पुढचं हसणं नाही. पुन्हा दोन एकदम, पुन्हा धपकन. हसणं नाही. एकदा "अरे, हे काय!" ऐकू आलं. माझ्या पात्याला गाठ लागली की मी जसं पुन्हापुन्हा तिथेच दाबून बघतो ना, तसं चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी ताई खाली आली. मी एका वहीला कापडी कणा चिकटवत होतो. समोरच्या स्टुलावर बसून म्हणाली, "काय रे खळोबा, तुझ्या भाच्यानं यंत्र फारच हुशार करून ठेवलंय. मी टाकलं, 'जेवलास का?' तर त्यानं सतरा निबंध काढले. कामकरी वाळवी पिल्लांना कशी भरवते!"

मी इतका हसलो की कणा वाकडा बसला. ती हसली नाही.

म्हणाली, "मग टाकलं, 'कधी येतोस?' त्यावर काय यावं? पंख फुटलेली वाळवी वारुळातून कधी उडते, याचे नऊ निबंध. उत्तम आहेत. मीच जमवलेले." आणि पुढे, उठता उठता, "ती उडाली की परत येत नाही हे मला कुणी सांगायला नको होतं."

मी मूर्खासारखा म्हटलं, "अगं, तू त्याची परीक्षा घेत होतीस, तो पास झाला!" तिनं माझ्या टेबलावरचा दाबाचा दगड उचलून पुन्हा होता तिथेच ठेवला आणि गेली.

त्यानंतर पंधरा दिवस झाले. दुपारी दोनला खुर्ची ओढल्याचा आवाज नाही. तिचा नवा निबंध अर्धा राहिलाय, तो पुरा करणार नाही म्हणते. आणि काल कळलं, तिनं तिच्या जुन्या संस्थेला फोन केला. दहा एप्रिलला त्यांची गाडी येणार. कॉम्प्युटर, डिस्का, बारा कपाटं छापील कागद, सगळं उचलून नेणार. मला म्हणाली, "इथे ठेवून काय करायचं? आता सगळंच सापडतं. शोधायला माणूस कशाला हवं?"

संग्रहाची यादी बांधून द्यायचं काम मलाच दिलंय. बारीक टाईपात दोनशे पानं. मी बांधीन, अगदी मजबूत बांधीन. पण तो संग्रह गेला की रोज दुपारी दोन वाजता तुझी आई काय करेल, याचा विचार करून माझा हात चालत नाही.

तू काय केलंस रे? चांगलंच केलंस असं लिहितोस. मग हे असं का?

खळमामा


२ मार्च

मामा,

तू कान कुणाचा पकडावा म्हणतोस, म्हणजे माझाच पकडलायस. पण मी काय वाईट केलं? सापडत नव्हतं ते सापडायला लागलं. कदाचित तिला आता खरंच थांबायचं असेल. सत्तरी आली. संस्थेत तो संग्रह नीट राहील, तरुण लोक वापरतील. आपण हट्ट धरण्यात अर्थ आहे का?

असं लिहिलं खरं, पण पटत नाहीये.

"जेवलास का" हे शब्द ती निबंधांत का शोधेल? याचीच तर मला भीती वाटते. म्हणून एक काम कर. तिच्या कॉम्प्युटरवर 'मागचे शोध' नावाची फाईल आहे. तिनं नऊ वर्षांत टाकलेला प्रत्येक शब्द तारखेसकट तिच्यात साठलाय. ती चालायला गेली की वर जा आणि ती फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन मला टपालानं पाठव. कसं करायचं ते वेगळ्या कागदावर पायरी पायरीनं लिहिलंय. शब्द बघितले की इथल्या एखाद्या डॉक्टरला दाखवता येईल.

परवा तिला फोन केला होता. चार मिनिटं बोललो, मग मला मीटिंग होती. "काय चाललंय?" "छान चाललंय." "तब्येत?" "छान." संस्थेच्या गाडीचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही, कारण मला ते माहीत नसायला हवं.

एक गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. रोज सकाळी मी आधी तो आकडा बघायचो. बातम्या नाहीत, मेल नाही, आधी आकडा. आकडा आहे म्हणजे ती उठली, जेवली, टेबलाशी बसली. एकदा तिला ताप होता आणि तिनं लपवलं होतं, तेव्हा आकडा तीनवर आलेला बघून मला कळलं होतं. आता रोज शून्य येतं. शून्य बघून मी ऑफिसला जातो.

फाईल पाठव, मामा.

किडोबा


१४ मार्च

किडोबा,

फाईल पाठवणार नाही. कागद परत पाठवतोय, पायऱ्या चांगल्या लिहिल्यास, लहानपणापासून तुझं अक्षर स्वच्छच.

रागावू नकोस, आधी पुरतं वाच.

परवा यादीच्या पुठ्ठ्याचा रंग दाखवायला वर गेलो. ताई कपाटातले कागद खोक्यात भरत होती. मी म्हटलं, "ताई, तुझं हे यंत्र जायच्या आधी मला एकदा चालवून दाखव. नऊ वर्षं डोक्यावर वाजतंय, दर्शन नाही." तिला ते आवडलं. खुर्ची ओढली. बरं वाटलं रे तो आवाज ऐकून.

"काय शोधू?"

"खळ."

टाकलं. बावीस निबंध. पिठाच्या खळीला वाळवी का लागते, कुठल्या खळीला लागत नाही. मी म्हटलं, "हे मला तीस वर्षांपूर्वी सांगायला काय झालं होतं?" म्हणाली, "सांगितलं होतं. तू म्हणालास, पुस्तक खाल्लं तर नवं बांधायला माझ्याकडेच येतील." हे मी खरंच म्हणालो होतो.

मग मी म्हटलं, "एकूण पोरानं काम झकास केलंय. काहीही विचारा, सापडतंच."

"हो. सापडतंच." काळ्या खिडकीकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "पूर्वी नाही सापडलं की तो बोलायचा."

"कोण?"

"कुणी नाही. यंत्र."

माझ्यासारख्यासमोर असं बोलून गप्प बसून चालत नाही. पण मी विचारलं नाही. टेबलावर तिची वही पडली होती, मीच बांधलेली, निळ्या कापडाची. ती खोकं घेऊन पलीकडे गेली तेव्हा मी बांधणी सुटलीय का बघायला म्हणून वही उचलली. मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीनं सात ओळी लिहिलेल्या. अक्षर तिचं. बोलणं कुणाचं ते तू सांग.

नाही सापडलं, आई. चष्मा घातलायस ना?

इथे नाही गं. स्वयंपाकघरात बघ.

नाही सापडलं. आधी पाणी पी, मग पुन्हा शोध.

चार हजार कागद चाळले, कुठेच नाही. तूच लिही आता.

नाही, नाही, नाही. तीनदा बघितलं.

सापडत नाहीये. थकलीयस, जरा पाय मोकळे करून ये.

नाही गं आई. मामाला विचार, त्याला सगळं ऐकू येतं.

सातवी ओळ वाचून मी वही खाली ठेवली आणि जिना उतरून दुकानात येऊन बसलो. सगळं ऐकू येतं म्हणे! "घातलाय रे, घातलाय", "प्यायले ना पाणी", एकेक शब्द ऐकला होता मी. अर्धंच संभाषण ऐकलं आणि माझ्या बहिणीला भ्रमिष्ट ठरवून टपालात टाकलं. तूही तेच केलंस. ती काही विसरलेली नाही, किडोबा. कागद इंग्रजीत आहेत हे तिला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सापडू नये म्हणूनच ती आपल्या भाषेत विचारत होती. जे कुठल्याच कागदात नसेल तेच विचारायचं, म्हणजे उत्तर तुझ्याकडून येतं.

आणि तू काय केलंस, चार रात्री खपून स्वतःचंच तोंड बंद केलंस. धोरण म्हणून.

म्हणून फाईल पाठवणार नाही. त्यात ती तुझ्याशी जे बोलली ते आहे, पण ते तिनं तुला पाठवलेलं नाही. ती समजून होती की ऐकणारं कुणी नाही, म्हणून बोलली. त्यात काय आहे ते हवं असेल तर तिला विचार. ते डॉक्टरनं वाचायचं नाही, मी नाही, आणि तिनं दिल्याशिवाय तूही नाही.

यादी बांधून झाली. अजून वर नेलेली नाही. खळ वाळली नाही असं सांगितलंय. खळ वाळायला किती दिवस लागतात हे तिला माहीत आहे, तरी ती काही म्हणाली नाही.

खळमामा


२६ मार्च

मामा,

त्या ओळी मी लिहिल्या होत्या. मी पार विसरलो होतो.

निघायच्या आदल्या दिवशीची दुपार होती. बॅग भरून झाली होती. आईच्या टेबलाशी बसून प्रोग्रॅम शेवटचा तपासत होतो. काही सापडलं नाही की नुसतं 'निकाल शून्य' येत होतं आणि ते मला उद्धट वाटलं. ती पलीकडे माझे शर्ट घड्या घालत होती. दहा मिनिटांत सात ओळी लिहिल्या, गंमत म्हणून. ओळीनं एकेक येईल अशी सोय केली. तिला सांगितलंही नाही. म्हटलं, कधीतरी दिसतील, हसेल. नव्यानं लिहिताना तो जुना तुकडा मी उघडूनही बघितला नाही. आता काही सापडत नाही असं होणारच नाही म्हटल्यावर त्या ओळींची पाळीच येत नव्हती.

गेलं वर्षभर ती त्या सात ओळींशी बोलत होती. आणि मी दर आठवड्याला फोन करत होतो, मामा. फोनवर मी "बोल, काय म्हणतेस?" म्हणतो तेव्हा मागे कीबोर्ड वाजत असतो, माझा. तिला ते ऐकू येत असणार. तुझीच बहीण आहे.

फाईल नको. तू बरोबर आहेस.

मी तीन गोष्टी केल्या. जुना प्रोग्रॅम जसा होता तसा परत लावला. नवा हुशार शोध हवा असेल तर त्याला वेगळी आज्ञा दिली, 'शोध' लिहिलं की जुनंच चालेल. दुसरं, ते रोजचे आकडे माझ्याकडे येणं बंद केलं. न विचारता बघत होतो, ते बरं नव्हतं. आज पहिली सकाळ, आकडा नाही. फार वेळ खिडकीशी उभा होतो. समोरच्या इमारतीत एक म्हातारा रोज पडदा उघडतो, आज पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं.

तिसरं, आठवी ओळ लिहिली. "नाही सापडलं, आई. मी येऊन शोधू का?"

हे मी फोनवर विचारू शकतो, तू म्हणशील. विचारलं तर ती म्हणेल, "कशाला, कामं टाकून?" मी म्हणेन, "बरं." दोघं सुटतो. तीन वर्षं असेच सुटत आलोय. म्हणून तिथे लिहिलं. आधीच्या सात होऊन गेल्या की आठवी येईल. कधी येईल ते मला कळणार नाही. ती काय म्हणेल तेही कळणार नाही. आणि दहा तारखेला गाडी आली तर ती ओळ कुणालाच दिसणार नाही.

तिला टेबलाशी बसव. कसं ते तुझं तू बघ.

किडोबा


७ एप्रिल

किडोबा,

तुझं पत्र शुक्रवारी सकाळी आलं आणि दुपारी दोनला माझी खळ वाळली.

यादी घेऊन वर गेलो. काळा कणा, करडा पुठ्ठा, तिनं हात फिरवून बघितला. म्हणाली, "छान बांधलीस." मी म्हटलं, "बांधली खरी, पण नावाच्या पानावर 'वारूळ' छापायचं की 'वाळवी', तुझं यंत्र काय म्हणतं ते बघ की. आपल्या भाषेतच विचार."

"निबंधांचा पाऊस पडेल."

"पडू दे. मी झेलतो."

दोन बटणं एकदम. सावकाश. धपकन.

मी काळ्या खिडकीकडे बघतच नव्हतो, तिच्याकडे बघत होतो. चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त हात वर गेला आणि तिनं नाकावरचा चष्मा चाचपला. मग नाकातल्या नाकात, हं.

"घातलाय रे," म्हणाली. आणि चटकन माझ्याकडे वळली. "तू त्याला काही कळवलंस?"

"मी? मला त्या काळ्या खिडकीतलं काय कळतं!"

"दुकानाच्या पत्त्यावर त्याची पत्रं येतात. पोस्टमन मला जिन्यात सांगतो."

तर ही बाई विसराळू. मी खाली सटकलो. यादी वरच राहिली, पण ती खिडकीपाशी उभी करून ठेवलीय, उजेड डोळ्यांवर येतो तिथे पडद्यासारखी.

शनिवारी दोनला खुर्ची. रविवारी दोनला खुर्ची. रोज दोन-तीनदाच विचारते, पुरवून पुरवून. बाकी वेळ जुनी फडफड, मग चिडीचूप, मग "मूर्ख आहे हा." काल संस्थेचा फोन आला होता. तिनं सांगितलं, निबंध पुरा व्हायचाय, एवढ्यात गाडी पाठवू नका. त्या माणसानं विचारलं असेल, मग कधी? म्हणाली, "कळवीन."

आता आजचं.

मी रोज मोजत होतो. चष्मा झाला, स्वयंपाकघर झालं, पाणी झालं. काल मला हाक मारून "ऐकू येतं का रे सगळं?" म्हणाली, तेव्हाच ओळखलं, सातवी झाली. आज जेवण झाल्यावर दुकानाचं दार आतून लावून घेतलं. आलेलं गिऱ्हाईक परत गेलं, गप्पा मारणारं होतं. कातरयंत्र बंद, पंखा बंद.

दोन वाजता खुर्ची. दोन बटणं एकदम. शब्द लहान होता. धपकन.

हसली नाही.

मी वाट बघितली. खुर्ची हलली नाही, पाऊल वाजलं नाही. पुठ्ठ्यावरची खळ वाळू लागावी इतका वेळ गेला. मला वाटलं, उठून गेली की काय आणि मला ऐकू आलं नाही, म्हातारा झालो. मग तिनं नाक ओढलं, म्हणजे होती.

आणि मग बोलली. एकदाच, आणि मोठ्यानं नाही. फळ्यांतून खाली आलं ते.

फोनवर विचारशील तर ती म्हणेल, कशाला, कामं टाकून. ते खरं धरू नकोस. तुझ्या यंत्राला तोंड आहे पण कान नाहीत, म्हणून मी कळवतोय. मी स्पष्ट ऐकलं.

"ये," म्हणाली.

खळमामा